पद्मिनीचं इंजिन उघडण्याआधी

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातलं तिचं उत्पादन त्याच्या वीसेक वर्षं आधीच थांबलं होतं. खासगी पद्मिनी मात्र अजून जिवापाड जपल्या जातात, आणि त्यांच्या मालकांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘इंजिन गेलंय, उतरवावं लागेल.’ तपासणी न करता दिलेला हा निकाल मला मुळीच मान्य नाही.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. लोखंडी ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. गाडी एकदा चांगली तापली की हे हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. मग ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. धूरही बोलतो. चढावर सतत निळा धूर मारत असेल तर संशय रिंगांवर. सिग्नलला थांबून निघताना एकच निळा झोत आला तर व्हॉल्व्ह गाइडवर. खालून ठोका येत असेल तर चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढून ऐकायचं. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मऊ होतो, त्याचं बेअरिंग बहुधा गेलेलं असतं.

खरी साक्ष कॉम्प्रेशन गेजची. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडवायची. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा खडूने लिहून ठेवायचा. एकेकटा आकडा फारसं सांगत नाही, चौघांतला फरक सांगतो. जो मागे पडला त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. ऑइल पिस्टनभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. त्यामुळे काटा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत; जागचा हलला नाही तर हवा वरून, व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून निसटतेय. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

एवढ्या तपासणीला तासही लागत नाही, आणि तिच्यावर कामाचा सगळा खर्च ठरतो. बोअर झिजला असेल तर इंजिन उतरवून बोअरिंग, नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळंच आलं. पण एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळला असेल तर हेड काढून, व्हॉल्व्ह बदलून, सीटवर घासून बसवला की भागतं. ब्लॉक गाडीतून हलवायचं कारणच नाही.