अकरावी की डिप्लोमा? सहा वर्षांचा हिशेब समजून घ्या

दहावीचा निकाल लागला की बार्शीटाकळी तालुक्यातल्या अनेक घरांत एकच प्रश्न फिरू लागतो, ‘पोराले सायन्सले टाकू का?’ कुणी अकोल्याच्या कॉलेजचं नाव सुचवतं, कुणी क्लासचं. एखाद्याचा नातेवाईक अमेरिकेत असतो. तो फोनवर सांगतो, ‘इकडे तर मुलं अकरावी-बारावीतच कॉलेजचे विषय करून टाकतात, तेही फुकट.’ मग घरात चर्चा सुरू होते, आपल्याकडे असं काही आहे का?

त्या नावाची योजना आपल्याकडे नाही. पण दहावीनंतर लगेच कॉलेजचं शिक्षण सुरू करण्याचा आणि तेच पुढे पदवीत मोजून घेण्याचा एक मार्ग महाराष्ट्रात आहे. तो म्हणजे तंत्रनिकेतनाचा, म्हणजेच पॉलिटेक्निकचा, तीन वर्षांचा डिप्लोमा. त्यात काय मिळतं, काय सुटतं आणि खर्चाचं गणित कसं बसतं, ते समजून घेऊ.

अमेरिकेत नेमकं काय असतं?

अमेरिकेत शाळा बारावीपर्यंत असते. तिथे ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची दोन वर्षांची सरकारी मदतीवर चालणारी कॉलेजं असतात. अनेक राज्यांत अकरावी-बारावीची मुलं शाळेत नाव कायम ठेवून या कॉलेजातले काही विषय घेतात. पास झाल्यावर त्याच विषयाचे गुण शाळेतही धरले जातात आणि कॉलेजातही. मिनेसोटा राज्याने 1985 मध्ये यासाठी कायदा केला. वॉशिंग्टन राज्यात 1990 पासून ‘रनिंग स्टार्ट’ ही अशीच योजना आहे. तिथे शिकवणी शुल्क लागत नाही, मात्र पुस्तकं आणि प्रवास स्वतःच्या खर्चाने करावा लागतो.

म्हणजे फायदा दोन गोष्टींचा: एकच अभ्यास दोन ठिकाणी मोजला जातो आणि पदवीचा खर्च कमी होतो.

आपल्याकडे अकरावीत कॉलेजचं क्रेडिट मिळतं का?

कागदावर तयारी झाली आहे. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर केला. त्यात पहिल्यांदाच शालेय शिक्षणालाही क्रेडिटची भाषा लावली गेली. 30 तासांचा अभ्यास म्हणजे एक क्रेडिट आणि वर्षाला साधारण 40 क्रेडिट, असा हिशेब आहे. उच्च शिक्षणातली क्रेडिट साठवण्यासाठी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ 2021 पासून आहे.

प्रत्यक्षात मात्र अकरावी-बारावी ही राज्य मंडळाची आणि पदवी विद्यापीठाची, अशी भिंत अजून कायम आहे. ‘स्वयम्’ या केंद्राच्या पोर्टलवर नववीपासून पदव्युत्तरपर्यंतचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. ज्ञानासाठी उत्तम सोय आहे ती. पण अकरावीत केलेला असा कोर्स पुढे पदवीत मोजायचा की नाही, हे त्या कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या हातात राहतं. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस अभ्यासक्रमाची पात्रता फेरी अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेला विद्यार्थी देऊ शकतो, पण प्रत्यक्ष प्रवेश बारावी पास झाल्यावरच.

आणखी एक घोटाळा टाळा. काही कनिष्ठ महाविद्यालयं आणि क्लास मिळून ‘इंटिग्रेटेड’ अकरावी-बारावीची जाहिरात करतात. त्यातून पदवीचं एकही क्रेडिट मिळत नाही. तो बारावी आणि प्रवेश परीक्षेच्या शिकवणीचा एकत्र सौदा असतो.

मग डिप्लोमात वेगळं काय?

डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. किमान 35 टक्के गुण लागतात, प्रवेश परीक्षा नसते. तीन वर्षांत सहा सेमिस्टर होतात आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्यासाठी खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के गुण लागतात. इथेही सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते.

म्हणजेच डिप्लोमातला अभ्यास पदवीच्या पहिल्या वर्षाच्या जागी धरला जातो. अमेरिकेतली मुलं जे विषय-विषय करून मिळवतात, ते आपल्याकडे एक अख्खं वर्ष म्हणून मिळतं.

मग एक वर्ष वाचतं का?

नाही. इथेच अनेकांची गल्लत होते. मोजून पाहू.

पहिला रस्ता: अकरावी-बारावी 2 वर्षं + इंजिनीअरिंग 4 वर्षं = 6 वर्षं.

दुसरा रस्ता: डिप्लोमा 3 वर्षं + इंजिनीअरिंग 3 वर्षं = 6 वर्षं.

वेळ सारखाच लागतो. फरक पडतो तो मध्येच थांबावं लागलं तर.

समजा, महानच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दोन मुलं दहावी झाली. एकाने अकरावी सायन्स घेतली, दुसऱ्याने डिप्लोमा. तिसऱ्या वर्षी कपाशी हातची गेली आणि पुढची फी भरणं अशक्य झालं. पहिल्याच्या हातात तेव्हा बारावीची गुणपत्रिका आणि इंजिनीअरिंगचं एक वर्ष असेल, ज्याच्यावर नोकरी मिळणं कठीण. दुसऱ्याच्या हातात पूर्ण डिप्लोमा असेल. कनिष्ठ अभियंता, कारखान्यातला सुपरवायझर अशा जागांना तो चालतो. दोन वर्षं कमावून मग पदवीला जायची वाटही त्याला मोकळी राहते.

सहा वर्षांच्या खर्चाची खात्री ज्या घराला देता येत नाही, त्या घरासाठी डिप्लोमाचं खरं मोल हे आहे. पायऱ्या तेवढ्याच आहेत, पण मध्ये टेकायला एक ओटा आहे.

खर्चाचं काय?

तीन ठिकाणी पैसे वाचतात.

एक, पदवीची फी चारऐवजी तीन वर्षांची.

दोन, जेईई-सीईटीच्या क्लासचा खर्च नाही. अकोल्यात खोली करून दोन वर्षं क्लास लावणं म्हणजे काय, हे तालुक्यातल्या पालकांना वेगळं सांगायला नको.

तीन, शासकीय तंत्रनिकेतनाची फी खासगी कॉलेजच्या तुलनेत बरीच कमी असते.

शिवाय सवलती आहेत. राज्य सरकारच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. तंत्रनिकेतनांचाही त्यात समावेश आहे. अट एकच मोठी: प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली तर ही सवलत हातची जाते. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च यात येत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेत मिळते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोरांना शिकता यावं म्हणून ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांच्याच नावाची ही योजना आपल्या भागात फारशी कुणी विचारत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरायचे असतात.

बार्शीटाकळीहून जायचं कुठे?

अकोला जिल्ह्यातलं शासकीय तंत्रनिकेतन मूर्तिजापूरला आहे. शेजारी वाशीम आणि अमरावतीलाही शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. बार्शीटाकळी स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर आहे, मूर्तिजापूरला जायचं तर अकोल्याला गाडी बदलावी लागते. पिंजर किंवा धाब्याकडच्या मुलाला रोजचं जाणं-येणं झेपणारं नाही. त्यामुळे अर्ज भरतानाच वसतिगृहाची चौकशी करा, प्रवेश झाल्यावर नाही.

एसटीच्या पासचाही विचार करा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जाण्यासाठी मोफत पास मिळतो, इतर विद्यार्थ्यांना भाड्यात दोन तृतीयांश सवलत असते. डिप्लोमाला गेलेल्या मुलीला यातला कोणता पास लागू होईल, हे आगारात आधी विचारून घ्या. महिन्याच्या हिशेबात हा फरक जाणवतो.

आयटीआय केलं तर?

आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर पूर्ण केला, तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावी सायन्स किंवा बारावी व्होकेशनल झालेल्यांनाही ही वाट आहे. आयटीआय 2, डिप्लोमा 2 आणि पदवी 3 अशी सात वर्षं होतात. एक वर्ष जास्त जातं, पण दुसऱ्याच वर्षी हातात काम येतं. भाषा विषयांचे पेपर देऊन बारावी समकक्ष होण्याची सोयही आहे, तिची चौकशी प्रवेश घेतानाच करा.

डिप्लोमा कुणी घेऊ नये?

ज्याला डॉक्टर व्हायचं आहे, त्याने नाही. नीटसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. एनडीएची परीक्षाही बारावीवर असते. कृषी विद्यापीठातून बीएस्सी अॅग्री करायची असेल तर बारावी सायन्सचा रस्ता सरळ आहे. अजून काहीच ठरलेलं नसेल, तर अकरावी-बारावीत दोन वर्षं विचाराला मिळतात. डिप्लोमात सोळाव्या वर्षीच शाखा निवडावी लागते.

अडचण कुठे येते?

पहिल्या वर्षाला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एकदम इंग्रजी पुस्तकं, ड्रॉइंग आणि नवं गणित समोर येतं. पहिल्याच सेमिस्टरला दोन-तीन विषय राहिले की ‘केटी’चं ओझं पुढे सरकत जातं. मंडळाने मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक शिक्षणाचा पर्याय आणला आहे. तुम्ही निवडत असलेल्या संस्थेत तो सुरू आहे का, हे नक्की विचारा.

दुसरी अडचण पदवीला गेल्यावर येते. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांना गणित जड जातं, कारण सोबतच्या मुलांनी ते बारावीत आणि पहिल्या वर्षात जास्त खोल केलेलं असतं. याउलट प्रॅक्टिकलमध्ये डिप्लोमाची मुलं पुढे असतात. शेवटच्या सुट्टीत गणिताची उजळणी केली तर हे अंतर भरून निघतं.

अर्ज करताना काय पाहायचं?

• अकरावी आणि डिप्लोमा, दोन्हीचे अर्ज भरता येतात. पण शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. एका ठिकाणी जमा केला आणि दुसरीकडे नंबर लागला, तर आधीचा प्रवेश रद्द करून तो परत घ्यावा लागतो.

• उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, हे निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये गर्दी असते. जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो.

• पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर जिथे खरोखर जायचं आहे, तीच संस्था टाका. गेल्या काही वर्षांच्या नियमांनुसार पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते.

• बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. शिष्यवृत्ती तिथेच जमा होते.

• फॉर्म मोबाइलवर भरला, तरी एकदा सुविधा केंद्रावर जाऊन तपासून घ्या. प्रवर्ग किंवा उत्पन्नाच्या रकान्यातली एक चूक पूर्ण फीला पडू शकते.

शेवटी ठरवायचं कसं?

‘सायन्स की डिप्लोमा’ यात कुठलं शिक्षण मोठं, हा प्रश्न बाजूला ठेवा. घरातल्यांनी एकत्र बसून दोनच प्रश्न विचारा. मुलाला यंत्र, वीज, बांधकाम, संगणक यांपैकी कशात खरंच रस आहे का? आणि तिसऱ्या वर्षी घरात अडचण आली, तर त्याच्या हातात काय असेल?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर शेजारच्याने घेतला म्हणून डिप्लोमा घेऊ नका. ‘हो’ असेल, तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच निर्णय आहे.