कागदावरची नाटक मंडळी

ओसामू तेझुका हे जपानी चित्रकथाकार जेमतेम साठ वर्षं जगले (१९२८–१९८९) आणि तेवढ्यात त्यांनी सुमारे दीड लाख पानं काढली. आकडा चक्रावणारा आहेच. पण मला त्याहून नवल वाटतं ते त्या पानांवर वावरणाऱ्या माणसांचं. कथा बदलली, काळ बदलला, देश बदलला, तरी चेहरे ओळखीचेच!

तेझुका आपल्या पात्रांना नट मानत. नाटक मंडळीतला एखादा नट आज राजा, उद्या चोर होतो, तशी ही मंडळी कथेकथेत नवी भूमिका घेऊन येते. हिगेओयाजी हा झुपकेदार मिशांचा म्हातारा कुठे खाजगी गुप्तहेर असतो, तर ‘ॲस्ट्रो बॉय’मध्ये शाळामास्तर. असेटिलिन लॅम्प हा नेहमीचा खलनायक. याच्या डोक्यामागे मध्येच मेणबत्ती पेटते. ‘ॲडॉल्फ’ या नाझी काळावरच्या कथेत तो गेस्टापोचा माणूस झाला आहे. गंमत म्हणजे या नटांच्या मानधनाची वहीसुद्धा तेझुकांनी मांडली होती.

हे वेड आलं कुठून? त्यांचं बालपण ताकाराझुका या गावात गेलं. तिथली संगीत नाटक मंडळी फक्त स्त्रियांची. पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. आई मुलाला ते खेळ दाखवायला नेई. पुढे १९५३ साली तेझुकांनी राजपुत्राच्या वेषात वाढलेल्या राजकन्येची कथा सुरू केली, तिचं मूळ तिथलंच. रंगभूमीच्या जोडीला सिनेमाही होता. १९४७च्या ‘नवं खजिन्याचं बेट’ या पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक मुलगा मोटार भरधाव हाकतो आणि चौकटीगणिक आपण जणू कॅमेऱ्यातून ती जवळ येताना बघतो. कथेचा आराखडा साकाई शिचिमा यांचा होता, चित्रं तेझुकांची. तेव्हा ते ओसाकात डॉक्टरी शिकत होते. दवाखाना त्यांनी कधी थाटला नाही. मात्र १९६१ साली तळ्यातल्या गोगलगायीच्या शुक्रपेशींवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली.

पण जुनेच चेहरे वापरायचे कशाला? श्रम वाचतात, हे उत्तर मला अपुरं वाटतं. रॉक हा नट पाहा. १९४०च्या दशकाअखेर तो गोड बालगुप्तहेर होता. १९६०च्या दशकात तेझुकांनी त्याला थंड डोक्याचा गुन्हेगार केला. ज्यांनी त्याला लहानपणी वाचलं, त्यांना तो धक्का नव्या खलनायकाने कधीच बसला नसता. वाचकाच्या मनात साठलेली ओळख तेझुका शाईसारखी वापरतात. ‘फिनिक्स’ या पुनर्जन्मांच्या महाकथेत युगानुयुगं भोगत राहणारा मोठ्या नाकाचा सारुता ‘ब्लॅक जॅक’मध्ये नायकाचा गुरू, वृद्ध शल्यविशारद होऊन येतो, तेव्हा त्याच्यामागे किती जन्म उभे असतात!

कपिलवस्तूपासून सुरू होणारी त्यांची ‘बुद्ध’ ही मालिका (१९७२–१९८३) आपल्याकडे इंग्रजीतून मिळते. वाचायला घ्याल तर एक सांगून ठेवतो: तेझुकांच्या अगदी गंभीर प्रसंगातही मध्येच डुकराच्या नाकाचा, ठिगळं लावलेला एक भोपळा टपकतो. ती छपाईची चूक नव्हे. तो ह्योतानत्सुगी, लहानपणी तेझुकांच्या धाकट्या बहिणीने काढलेलं चित्र.