शॉकमधला प्राणी कसा ओळखावा

शरीरातल्या पेशींना पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो, त्या अवस्थेला शॉक म्हणतात. कारणे अनेक: अपघातातला रक्तस्राव, पार्वो विषाणूमुळे होणाऱ्या जुलाब-उलट्या, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मधमाशीच्या डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी, निकामी होत चाललेले हृदय, किंवा मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट फुगून जठराला पडलेला पीळ.

गाडीची धडक बसलेला कुत्रा कित्येकदा उठून चालू लागतो आणि मालक निर्धास्त होतो. अंगावर ओरखडाही नसला, तरी आत प्लीहा फाटून पोटात रक्त साचत असू शकते. २० किलोच्या कुत्र्याच्या अंगात रक्त असते जेमतेम पावणेदोन लिटर. सुरुवातीला हृदय ठोके वाढवून ही तूट झाकते, म्हणून जखमेपेक्षा हिरड्या पाहाव्यात. ओठ उचलून हिरडी बोटाने दाबली की ती पांढरी पडते. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत तिथे गुलाबी रंग परतायला हवा. उशीर लागला, हिरड्या फिकट दिसल्या, पंजे गार पडले, मांडीच्या आतली नाडी क्षीण लागली, तर वेळ थोडा आहे. जंतुसंसर्गात मात्र हिरड्या आधी लालभडक दिसू शकतात.

मांजराला कुत्र्याचा नियम लावणे घातक. शॉकमध्ये त्याचे ठोके बहुधा वाढण्याऐवजी मंदावतात, मिनिटाला १४०च्या खाली जातात. अंग गार पडते, रक्तदाब उतरतो. गुपचूप पडून राहिलेले आजारी मांजर शांत आहे असे समजू नये.

दवाखान्यात आधी प्राणवायू देतात आणि शीर धरून सलाईन लावतात. कुत्र्याला दर किलोला १० ते २० मिली, मांजराला ५ ते १० मिली, तेही पंधरा-वीस मिनिटांत; मग पुन्हा तपासणी. मांजराची फुप्फुसे जादा सलाईन सोसत नाहीत. हृदयविकारामुळे आलेल्या शॉकमध्ये तर सलाईननेच फुप्फुसांत पाणी भरते, म्हणून कारण ओळखणे इतके मोलाचे. अ‍ॅलर्जीत अ‍ॅड्रेनलिन, जंतुसंसर्गात विनाविलंब प्रतिजैविके, जठराला पीळ असेल तर आधी कोंडलेली हवा काढून मग शस्त्रक्रिया. रक्त द्यायचे तर मांजराचा रक्तगट तपासलाच पाहिजे: ‘बी’ गटाच्या मांजराला ‘ए’ गटाचे थोडे रक्तही जिवावर बेतू शकते.

घरच्यांनी वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, प्राण्याला चादरीत गुंडाळून तातडीने न्यावे. तोंडात पाणी ओतू नये, गरम पाण्याची पिशवी लावू नये. मनाने औषधही देऊ नये: पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे आहे.

उपचार लागू पडल्यावर कुत्र्याचे वाढलेले ठोके उतरतात, हिरड्या गुलाबी होतात, प्राणवायूच्या टंचाईत रक्तात वाढणारे लॅक्टेट लिटरला २.५ मिलिमोलच्या खाली येते आणि लघवी दर किलोला ताशी एक-दोन मिली होऊ लागते. तोवर दर थोड्या वेळाने तपासत राहावे लागते.