बळ पाहून पाऊल

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. वय वर्षे तेरा. हुशार आहे. हिशेबात तर पक्का! पण त्याला चालता येत नाही. तो चाकांच्या खुर्चीत बसतो.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी एक पदयात्रा निघाली. अशाच आजारी मुलांसाठी पैसे जमवायचे होते. मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, मलाही जायचंय." त्याची आई घाबरली. शेजारी म्हणाले, "ज्याला चालता येत नाही, त्यानं पदयात्रेत जायचं कशाला?"

याचे उत्तर शोधण्याआधी हा आजार समजून घेऊ.

आपण उठतो, बसतो, श्वास घेतो, ते स्नायूंच्या बळावर. काहींचे स्नायू हळूहळू झिजत जातात. या आजाराला मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. मुलग्यांना होणाऱ्या एका प्रकाराचे नाव ड्युशेन. त्या नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले.

यात स्नायूंना बळकट ठेवणारे एक द्रव्य शरीरात तयार होत नाही. मूल वारंवार पडते. पायऱ्या चढताना अडते. खालून उठताना मांड्यांवर हात टेकते. पोटऱ्या मात्र फुगलेल्या दिसतात. लोकांना वाटते, पोर धट्टेकट्टे आहे! साधारण बाराव्या वर्षापर्यंत बहुतेकांना खुर्ची लागते. पुढे छातीचे आणि हृदयाचे स्नायूही दुबळे होतात.

हा रोग शिवल्याने होत नाही. तो पापाचे फळ नाही, की कोणाची नजर नाही. जन्मापासूनच शरीरात एक दोष असतो. कधी तो आईकडून येतो, पण तिला त्याचा पत्ताही नसतो. कधी तो मुलातच नव्याने निर्माण होतो. तेव्हा सुनेला बोल लावू नका. रोग पुरता बरा करणारे औषध नाही. पण डॉक्टरांच्या औषधाने आणि हलक्या व्यायामाने झीज मंदावते.

आता पदयात्रेकडे वळू. धडधाकट माणूस थकला, तर रात्री झोपून सकाळी ताजा होतो. झिजलेल्या स्नायूंचे तसे नाही. फार ताण पडला तर ते आणखी दुखावतात. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आपण जपून काढतो ना? हे बळही तसेच जपून खर्चावे.

आधी डॉक्टरांना विचारावे. चालता येत असेल त्याने सपाट रस्त्यावर थोडेच चालावे. उतार टाळावा, कारण उतरतानाही स्नायूंवर मोठा ताण येतो. थकण्याआधीच खुर्चीत बसावे. पाणी आणि सोबतीला माणूस हवाच. दुसऱ्या दिवशी अंग फार दुखले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा.

खुर्चीत बसून जाणे म्हणजेही भाग घेणेच. मुंबईत २००४ सालापासून मोठी मॅरेथॉन भरते. तिथे दिव्यांगांसाठी वेगळा गट असतो. कित्येकजण खुर्चीवरून जातात. त्या निमित्ताने संस्थांना देणग्या मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यातही या आजाराचे नाव आहे. सरकारी रुग्णालयातून दाखला काढून घ्यावा. तो सवलतींसाठी लागतो.

आमचा मुलगा गेला की हो पदयात्रेला! डॉक्टरांनी होकार दिला. सकाळच्या गारव्यात वडिलांनी खुर्ची ढकलली. आई पाण्याची बाटली घेऊन शेजारून चालली. अर्ध्या वाटेवर तो मांडवात थांबला. तिथे त्याने देणग्यांचा हिशेब तपासला. एका पानावर बेरीज चुकली होती. ती त्यानेच दाखवली.

संध्याकाळी आई म्हणाली, "गुरुजी, आज लोकांनी त्याला काय झालंय ते नाही विचारलं. त्याचं नाव विचारलं."

तुमच्या गावात असे मूल असेल, तर त्याला घरात कोंडून ठेवू नका. त्याच्या दाराशी जा आणि विचारा, "येतोस का रे आमच्याबरोबर?"