दवाखान्यातील नोकरी आणि मनाची जखम : कायदा कोठवर साथ देतो?

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो. महामार्गावरच्या अशा फाट्यांवर टायरवाले, गॅरेजवाले, हॉटेलवाले अशी आपली बरीच मंडळी धंदा करून आहेत. अपघात झाला की जखमींना पहिला हात बहुधा तीच देतात. पण दुकानदार तासाभराने पुन्हा गल्ल्यावर येऊन बसतो. १०८ रुग्णवाहिकेचा चालक, तिच्यातला डॉक्टर आणि दवाखान्यातील परिचारिका व वॉर्डबॉय यांना मात्र हेच दृश्य उद्या पुन्हा पाहायचे असते.

या नोकऱ्यांत आता आपल्या कारागिरांची आणि किरकोळ व्यापाऱ्यांची मुले-मुली आहेत. धंदा मंदावला की अनेक घरे या एका पगारावर तग धरतात. तो पगार मनाच्या दुखण्यामुळे बंद पडू लागला तर काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

भयंकर प्रसंग पाहिल्यावर चार-आठ दिवस झोप न लागणे स्वाभाविक आहे. परंतु महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांपुढे येत राहिले, ती जागा टाळावीशी वाटू लागली, साध्या आवाजाने दचकायला होऊ लागले आणि कामात हात चालेना, तर तो आजार समजावा. डॉक्टर त्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात. उपचाराने तो बरा होतो. आपल्याकडे मात्र ‘बाहेरचे झाले’ म्हणून प्रथम तावीज शोधला जातो. दुआ जरूर करावी. पण त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाचा कागदही हाती असावा. तो का, ते पुढे येईलच.

या आजाराचे नाव घेऊन कोणी सहसा कामावरून काढत नाही. माणूस कामावर जाईनासा होतो, मग गैरहजेरीची नोटीस येते. किंवा त्याच्या हातून चूक होते आणि मेमो मिळतो. कित्येक जण कंटाळून स्वतःच राजीनामा लिहून देतात व तेथेच सगळे हक्क गमावतात. राजीनामा देऊ नये, वैद्यकीय रजेचा अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही, असे कलम २० सांगते. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करावे. जिल्हा परिषद व महापालिकेचे दवाखाने यात येतात. अट अशी, की आजार विचार, वर्तन व रोजचे व्यवहार विस्कटण्याइतका गंभीर असला पाहिजे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी याच कायद्याचा आधार घेतला. मानसिक विकाराशी निगडित वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई चालवणे हा भेदभाव ठरवला आणि दुसरे काम दिल्यास पगाराला धक्का लागू नये, असे बजावले. निकाल पोलिसाचा असला तरी परिचारिकेलाही तो कामाचा आहे.

खरी अडचण कंत्राटी माणसाची आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. पुढील कारवाईत कायम सेवेतील लोक निलंबित झाले. कंत्राटी लोकांची सेवाच संपवण्यात आली. दोष कोणाचा हा प्रश्न निराळा. पण एकाच रात्रीतून गेलेल्या दोघांपैकी एकाची चौकशी होते आणि दुसऱ्याची नोकरी जाते, हा फरक नेमणूकपत्र हाती घेतानाच ध्यानात घ्यावा. खासगी संस्थेलाही दिव्यांगत्वावरून भेदभाव करता येत नाही आणि तशी तक्रार पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. मात्र कलम २० मधील नोकरीची हमी खासगी मालकावर नाही.

भरपाईचे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या भरपाई कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत दवाखान्यात काम करताना जडणारे संसर्गजन्य रोग आहेत. मनाचा आघात नाही. यादीबाहेरचा आजार कामावरील ठरावीक अपघाती इजेतूनच थेट उद्भवला, हे कामगाराने सिद्ध करायचे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०१६ मध्ये हे उलटे केले. रुग्णवाहिका व अग्निशमन दलातील माणसाला हा आजार झाल्यास तो कामामुळेच झाला असे गृहीत धरायचे, नाही म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा. २०१८ मध्ये परिचारिकाही त्यात आल्या. आपल्याकडे हे व्हायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर राज्य विमा (ईएसआय) हाच जवळचा आधार. त्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळत आली आहे. २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के आहे. आपल्यापैकी जे रुग्णवाहिका किंवा छोटे रुग्णालय चालवतात आणि ज्यांच्याकडे दहा माणसे आहेत, त्यांनी हा वाटा चुकवू नये. नोकरावर ताकदीबाहेरचे ओझे टाकू नका, टाकलेच तर त्याला हात द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांना ठाऊक आहे. भीषण प्रसंगानंतर त्या माणसाची पाळी बदलायला खर्च येत नाही. गटविमा घेतानाही पाहावे : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारासाठी शरीराच्या आजारासारखेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे.

शेवटी कागद. प्रसंग घडला त्याच दिवशी ड्युटी रजिस्टरात नोंद करावी; मारहाण झाली असल्यास पोलिसांत तक्रारही द्यावी. २०१० च्या राज्य कायद्यानुसार तो अजामीनपात्र गुन्हा आहे. आणि मुलीचे लग्न अडेल म्हणून डॉक्टरांना प्रमाणपत्रावर नुसता ‘अशक्तपणा’ लिहायला सांगण्याची पद्धत बंद करावी. दोन वर्षांनी प्रकरण कोर्टात गेले तर तोच शब्द मालकाचा वकील पुढे करतो. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. फोन कोणत्याही वेळी करता येतो आणि मराठीत बोलता येते.