लोकप्रिय संगीताचे अभ्यवेक्षण व स्त्रीद्वेष

लोकप्रिय संगीताचे अभ्यवेक्षण व स्त्रीद्वेष : गीतांचे शब्द, त्यांची ध्वनिमुद्रणे वा जाहीर कार्यक्रम यांवर शासनाने किंवा अन्य अधिकारसंस्थेने घातलेल्या नियंत्रणास संगीताचे अभ्यवेक्षण वा सेन्सॉरशिप म्हणतात. स्त्रीला केवळ उपभोग्य वस्तू लेखणारी किंवा तिच्यावरील हिंसेचे कौतुक करणारी वृत्ती म्हणजे स्त्रीद्वेष. स्त्रीचा अवमान करणाऱ्या गीतांना अभ्यवेक्षणाने आळा बसतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अभ्यवेक्षणाची कसोटी बहुधा अश्लीलता ही राहिली असून अवमान ही क्वचितच होती. एकही अश्लील शब्द नसलेले गीत स्त्रीद्वेषी असू शकते आणि स्त्रीने आपल्या कामनेविषयी मोकळेपणाने गायिलेले गीत अश्लील ठरू शकते. हा भेद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घडामोडींवरून विशेष स्पष्ट होतो.

प्रारंभीचा विरोध : १९६२ मध्ये ‘क्रिस्टल्स’ या गायिकासमूहाची, प्रियकराची मारहाण ही प्रेमाची खूण मानणारी एक ध्वनिमुद्रिका निघाली. जेरी गॉफिन व कॅरोल किंग यांनी रचलेल्या या गीतात अश्लील असे काही नव्हते. तथापि श्रोत्यांच्या निषेधामुळे ते मागे पडले. १९७६ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेच्या जाहिरातीसाठी लॉस अँजेल्समध्ये बांधलेल्या व अंगावर वळ उठलेल्या स्त्रीचे भव्य चित्र लावण्यात आले. त्याविरुद्ध ‘विमेन अगेन्स्ट व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन’ या संघटनेने आंदोलन केले आणि पुढे वॉर्नर समूहाच्या ध्वनिमुद्रिकांवर बहिष्कार पुकारला. १९७९ मध्ये या समूहाने वेष्टनांवर स्त्रियांवरील हिंसेची चित्रे वापरण्यास विरोध करणारे धोरण जाहीर केले. ग्राहकांचा बहिष्कार हे या चळवळीचे साधन होते. शासकीय बंदीची मागणी तिने केली नाही. तिचा आक्षेप नग्नतेला नसून हिंसेला होता.

इशारापट्टी : १९८५ मध्ये वॉशिंग्टन येथे टिपर गोर, सूझन बेकर प्रभृती राजकीय वर्तुळातील स्त्रियांनी ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संस्था स्थापन केली. तिने आक्षेपार्ह अशा पंधरा गीतांची यादी प्रसिद्ध करून लैंगिकता, हिंसा, मद्य व मादक द्रव्ये आणि गूढविद्या अशी वर्गवारी सुचविली. तीत स्त्रीविषयक तुच्छतेला स्वतंत्र स्थान नव्हते. यादीतील पाच गीते स्त्रियांनी गायिलेली होती. मॅडोना, सिंडी लॉपर व शीना ईस्टन या त्यांपैकी काही गायिका होत. स्त्रीला भक्ष्य मानणारी गीते आणि स्त्रीने केलेला स्वतःच्या सुखाचा उच्चार ही दोन्ही अशा प्रकारे एकाच यादीत आली.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे या प्रश्नाची सुनावणी झाली. फ्रँक झापा, जॉन डेन्व्हर व डी स्नायडर या संगीतकारांनी वर्गवारीस विरोध केला. १ नोव्हेंबर रोजी ध्वनिमुद्रिका-उत्पादकांच्या संघटनेने पालकांसाठी इशारापट्टी लावण्याचे मान्य केले. १९९० मध्ये या पट्टीला एकच प्रमाणित रूप देण्यात आले. गीत कोणत्या कारणाने आक्षेपार्ह आहे, हे ही पट्टी सांगत नाही. वॉलमार्टसारख्या विक्रेत्यांनी पट्टी असलेला माल ठेवण्याचे नाकारल्यामुळे कंपन्या शिवराळ शब्द गाळलेल्या आवृत्त्या काढू लागल्या. शब्द गेले, तरी आशय बहुधा तसाच राहिला.

न्यायालयीन कसोटी : १९७३ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची त्रिविध कसोटी ठरविली : कृती स्थानिक समाजाच्या मानदंडांनुसार कामुकतेस आवाहन करते काय, लैंगिक वर्णन उघडपणे किळसवाणे आहे काय आणि एकंदरीत तिला गंभीर वाङ्‌मयीन, कलात्मक, राजकीय वा शास्त्रीय मूल्य नाही काय. या कसोटीत स्त्रीचा अवमान हा घटक नाही. ६ जून १९९० रोजी फ्लॉरिडातील संघीय न्यायाधीश होसे गोन्झालेस यांनी ‘टू लाइव्ह क्रू’ या कृष्णवर्णीय रॅप-गायकांचा एक गीतसंग्रह अश्लील ठरविला. संघीय न्यायालयाने ध्वनिमुद्रण अश्लील ठरविण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर तो विकणाऱ्या एका कृष्णवर्णीय दुकानदाराला अटक होऊन पुढे दंड झाला. गायकांनाही कार्यक्रमाबद्दल पकडण्यात आले. तथापि ऑक्टोबरमध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने मूळ निर्णय फिरविला. कारण गीतांच्या कलामूल्याविषयी तज्ज्ञांनी दिलेल्या साक्षीचे खंडन सरकारपक्षाने केले नव्हते. गीतांतील स्त्रियांचे चित्रण हीन आहे काय, हा प्रश्न या सर्व प्रक्रियेत निर्णायक ठरलाच नाही.

कृष्णवर्णीय स्त्रियांची भूमिका : या खटल्याविषयी १९९१ मध्ये लिहिताना विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी दुहेरी अडचण दाखवून दिली. खटला भरण्यामागे वंशभेद होता, तसाच गीतांत स्त्रीद्वेषही होता. गायकांचे समर्थक वंशभेदाविषयी बोलत आणि विरोधक अश्लीलतेविषयी. ज्यांचा गीतांत अवमान होत होता, त्या कृष्णवर्णीय स्त्रियांची बाजू दोन्हीकडे मागे पडे. १९९३ पासून सी. डेलोरेस टकर यांनी ‘गँगस्टा रॅप’विरुद्ध मोहीम चालविली. तिच्या दडपणामुळे १९९५ मध्ये टाइम वॉर्नर कंपनीने ‘इंटरस्कोप’मधील आपला हिस्सा विकला, परंतु ‘इंटरस्कोप’चा व्यवसाय नव्या भागीदारासह चालूच राहिला. क्वीन लतिफा या गायिकेने मात्र १९९३ मध्ये रॅपच्याच भाषेत स्त्रियांवरील शिवीगाळीला व मारहाणीला उत्तर दिले. तिच्या त्या गीतास पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

भारतातील स्थिती : स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या काळात मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि नंतर सुधारणेच्या अटींवर ती उठविली. शृंगारिक लावणी व संवाद यांना त्यामुळे कात्री लागली. बंदीची झळ मुख्यतः दलित व कोल्हाटी समाजांतील कलावंतांच्या उपजीविकेस बसली. त्यांत नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियाही होत्या. फ्लॉरिडातील प्रकरणाप्रमाणेच येथेही नियंत्रणाचा भार समाजातील दुर्बल गटावर पडला.

चित्रपटगीतांना १९५२ चा चलच्चित्रपट अधिनियम लागू होतो. त्याखालील १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्रियांची कोणत्याही प्रकारे अवमानना करणारी दृश्ये नसावीत, अशी अट अश्लीलतेहून वेगळी नमूद आहे. अमेरिकन कसोटीत नसलेला घटक भारतीय नियमांत अशा रीतीने आढळतो. मात्र अवमान कशाला म्हणावे, हे ठरविण्याचे काम अखेर परीक्षकांवरच राहते. १९९३ मध्ये खलनायक या चित्रपटातील, दोन गायिकांनी गायिलेल्या एका गीतावरून दिल्लीच्या न्यायालयात दावा झाला व तो फेटाळला गेला. त्या वादातही चर्चा मुख्यतः द्व्यर्थी शब्दांभोवतीच फिरली. चित्रपटाबाहेर केवळ ध्वनिरूपात स्वतंत्रपणे प्रसृत होणाऱ्या गीतांना हे प्रमाणन लागू नाही. त्यामुळे अशा गीतांबाबत श्रोत्यांचा जागरूक निषेध आणि स्त्रियांनी स्वतः रचलेली व गायिलेली प्रत्युत्तरे यांचे महत्त्व अधिक आहे.