राजपुत्र परतलाच नाही : 'युबिसॉफ्ट'वर जुने चाहते का रुसले?

देवगड - फ्रान्समधील 'युबिसॉफ्ट' या व्हिडिओ गेम कंपनीने २१ जानेवारी २०२६ रोजी आपल्या कारभाराची फेररचना जाहीर केली आणि त्याच वेळी सहा खेळांचे काम कायमचे थांबविले. त्यांपैकी एकाची जुने चाहते पाच वर्षांहून अधिक काळ वाट पाहत होते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या खेळाची ती नवी आवृत्ती. या बातमीशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे, कारण या आवृत्तीचे काम सुरू झाले ते पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत.

'प्रिन्स' हे नाव नव्वदच्या दशकात संगणकाला प्रथम हात लावलेल्या पिढीला वेगळे सांगायला नको. देवगडसारख्या तालुक्याच्या गावात असो वा दादर-डेक्कनला, संगणकाच्या क्लासमध्ये सरांची पाठ वळली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र धावू लागे. साठ मिनिटांत तळघरातून वर चढायचे, सुळे चुकवायचे, पहारेकऱ्यांशी तलवारीचे दोन हात करायचे आणि राजकन्येची सुटका करायची. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने हा खेळ १९८९ मध्ये जवळजवळ एकट्याने तयार केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणूनच तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा अडखळे, कठड्याला लोंबकळे. (आपल्याकडे फ्लॉपीवरून फिरणाऱ्या बहुतेक प्रतींचे पैसे मेकनर यांना कधी मिळाले नसावेत, हेही नमूद करायला हवे.)

पुढे हा राजपुत्र युबिसॉफ्टकडे आला. १९८६ मध्ये ब्रिटनी प्रांतातील गिलेमो आडनावाच्या पाच भावांनी ही कंपनी काढली. घरचा व्यवसाय शेतकऱ्यांना लागणारा माल विकण्याचा. घरातल्या घरात धंदा वाढविणाऱ्या आमच्याकडच्या आंबा बागायतदारांना ही गोष्ट परकी वाटू नये. कंपनीच्या माँट्रियल येथील स्टुडिओने मेकनर यांना सोबत घेऊन २००३ मध्ये 'सँड्स ऑफ टाइम' आणला. त्याची कथा सुरू होते ती भारतातच. एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला होतो, तेथील मंतरलेली कट्यार राजपुत्राच्या हाती लागते आणि महाराजाची कन्या फराह ही पुढे त्याची सोबतीण होते. कट्यारीचा गुण असा, की चूक झाली तर काही क्षण मागे जाता येते. सुरुवात, मध्य आणि शेवट असलेला, दहा-बारा तासांत पुरा होणारा हा खेळ एखाद्या चांगल्या कादंबरीसारखा चाहत्यांच्या मनात राहिला.

त्यामुळे सप्टेंबर २०२० मध्ये नव्या आवृत्तीची घोषणा झाली आणि जबाबदारी पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचे कळले, तेव्हा येथील खेळाडूंना झालेला आनंद दुहेरी होता. युबिसॉफ्टने पुण्याचा स्टुडिओ २००८ मध्ये घेतला, मुंबईचा २०१८ मध्ये सुरू केला. तोवर त्यांच्या वाट्याला बहुतांशी इतरांच्या खेळांना हातभार लावण्याचे काम येई. इतक्या मोठ्या नावाचे नेतृत्व प्रथमच मिळत होते. पण पहिली चित्रफीत पाहून जगभरचे चाहते हिरमुसले. चेहरे निर्जीव, रंग भडक, एकूण काम जुन्या पिढीतले, अशी टीका झाली. प्रकाशन आधी जानेवारी २०२१ वरून मार्चवर गेले, मग बेमुदत लांबले. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपविण्यात आले. तेथेही ते पुरे झाले नाही.

टीकेचा सगळा भार पुण्या-मुंबईच्या तंत्रज्ञांवर पडला, हे काही न्याय्य झाले नाही. या आवृत्तीची किंमत चाळीस डॉलर ठेवण्यात आली होती, म्हणजे त्या वेळच्या साठ डॉलरच्या मोठ्या खेळांपेक्षा एक तृतीयांशाने कमी. घोषणा आणि प्रकाशन यांत जेमतेम चार महिने ठेवले होते. कंपनीला हा खेळ मोठा करायचाच नव्हता, असा अर्थ त्यातून निघतो. आणि पुढे माँट्रियलसारख्या मुरलेल्या स्टुडिओलाही साडेतीन वर्षांत तो पार नेता आला नाही.

मुळात कंपनीची वाटच बदलली होती. 'असॅसिन्स क्रीड' हा २००७ सालचा खेळ 'प्रिन्स'चाच पुढचा भाग म्हणून आकाराला येत होता. तो स्वतंत्र झाला, अफाट खपला आणि त्याने बापाचीच जागा घेतली. २०१० नंतर 'प्रिन्स'चा मोठा खेळ आला तो थेट जानेवारी २०२४ मध्ये. दरम्यान कंपनीचे लक्ष दोन गोष्टींवर केंद्रित झाले : एक, पन्नास-शंभर तास पुरणारी विस्तीर्ण, नकाशाभर कामे विखुरलेली जगे आणि दोन, कायम इंटरनेटवर चालणारे, खेळाडूकडून वर्षानुवर्षे पैसे मिळत राहतील असे खेळ. जानेवारी २०२६ च्या फेररचनेत हेच धोरण उघडपणे मांडले गेले.

या दुसऱ्या प्रकारात खेळ विकत घेतला तरी तो आपला होत नाही. 'द क्रू' हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा खेळ युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपविला. दुकानातून तबकडी विकत घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. यातून युरोपात ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. मोठ्या खेळाचा खर्च आज शेकडो कोटी रुपयांत जातो आणि एक खेळ पडला की सारा हिशेब कोलमडतो. शिवाय चाहतेही अगदी निर्दोष नाहीत. २०२४ चा 'द लॉस्ट क्राउन' समीक्षकांनी उचलून धरला, पण तो अपेक्षेइतका खपला नाही आणि त्याच वर्षी त्याचा चमू विखुरला गेला. जुन्याच्या आठवणी काढणाऱ्यांनी नव्यासाठी खिशात हात घातला असता तर चित्र थोडे वेगळे दिसले असते.

मेकनर यांच्या मूळ खेळाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या संगणकीय संहितेच्या फ्लॉपी हरवल्या असे ते अनेक वर्षे समजत होते. त्या वडिलांना कपाटात सापडल्या आणि २०१२ मध्ये मेकनर यांनी ती संहिता सर्वांसाठी खुली केली. आज कोणीही ती उघडून वाचू शकतो. पुण्या-मुंबईत सुरू झालेली नवी आवृत्ती मात्र काही मिनिटांच्या चित्रफितींपलीकडे चाहत्यांपर्यंत पोहोचलीच नाही.